दुसऱ्याच्या चक्कीचं पीठ

मंजूचे बाबा,

चक्की बंद असली की घरात किती ऐकू येतं, ते मला या दिवसांत कळलं. पत्र्यावरून खार पळाली तरी कळतं. शेजारच्या अंगणात कोणी सुपात काही पाखडलं तरी कळतं. अठ्ठावीस वर्षं मी त्या घरघरीच्या आड राहिले. लग्न होऊन आंजीला आले तेव्हा तुम्ही इतक्या मोठ्यानं बोलायचात की मला वाटायचं, हा माणूस सारखा रागावलेला आहे. पंधरा दिवसांनी लक्षात आलं, चक्कीवर उभं राहून राहून तुमचा आवाजच तसा झाला आहे. तुम्ही मीठ मागतानाही तसंच मागता. मग भीती गेली.

मी मात्र होते तशीच राहिले. बाहेरचं कोणी आलं की मी आत. शाळेत, दवाखान्यात, ग्रामपंचायतीत, सगळीकडे तुम्हीच बोललात. "हिच्या वाट्याचंबी मलेच बोला लागते जी," असं तुम्ही डॉक्टरीणबाईंना सांगितलंत तेव्हा त्याही हसल्या होत्या. माझ्या वाट्याचं एकदा तुम्ही असं काही बोललात, की ते परत घ्यायला मला चार वर्षं लागली. घेतलं तेव्हा तुम्ही नव्हतात. तेच सांगायला बसले आहे. मंजूच्या कॉलेजच्या वहीची मागची पानं कोरी आहेत, त्यात लिहिते. परवा तुम्हाला जाऊन महिना होतो. त्याच्या आत लिहून व्हावं असं मनात आहे.

मंजूचं सुरू झालं तेव्हा ती वर्ध्याला कॉलेजात जात होती. बसमधून उतरून घरी आली की म्हणायची, मागच्या सीटवरच्या पोरी माझं नाव घेऊन हसतात. आपण म्हटलं, हसत असतील. मग एक दिवस म्हणाली, "बाबा, चक्की माझं नाव घेते." तुम्ही लगेच चक्की बंद केली. दळणाचे डबे रांगेत तसेच. तिला जवळ बसवून विचारलंत, "आता? आता येते काय ऐकू?" तिनं जरा कान दिला आणि म्हणाली, "येते." तुम्ही माझ्याजवळ स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसलात. तुमच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. तसं मी तुम्हाला पहिल्यांदाच पाहिलं.

बोरगाव मेघेच्या तुमच्या ताईंनी एका भगताचं नाव सांगितलं. बाहेरचं लागलं असेल म्हणाल्या. आपण गेलो. त्यानं मिरच्यांचा धूर केला आणि झाडू उचलला. पहिला फटका तिच्या पाठीवर बसला आणि दुसऱ्याला तुम्ही त्याचा हात धरलात. "मारून जात असतं तं म्या घरीच मारलं असतं जी, इतक्या दूर काऊन आणलं असतं?" असं म्हणून तुम्ही मंजूला उठवलंत. ताई वर्षभर रुसल्या. नंतर त्यांनी लग्नाचं काढलं, की लगन झालं की डोकं ठिकाणावर येते. तुम्ही म्हणालात, "कोणाचं? नवऱ्याचं?" त्यावर त्या आणखी वर्षभर रुसल्या.

मग वर्ध्याचा मोठा दवाखाना. गावात आपण सांगितलं, डोळे दाखवायला नेतो. पहिल्या दिवशी सकाळी गेलो तर नंबर लागायला दुपार झाली. डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, आणि परत येताना तुम्ही ते बसमध्ये घोकत होतात. अर्ध्यात अडायचं. पुन्हा पहिल्यापासून. मी पदराआड बोटानं तळहातावर ते लिहून पाहत होते. स्किझोफ्रेनिया. मला ते आलं. तुम्हाला सांगितलं नाही, कारण बसमध्ये माणसं होती.

गोळ्या सुरू झाल्या आणि आपलं भांडण सुरू झालं. तसं भांडण आपण कधी केलं नव्हतं. मंजू गोळी जिभेखाली धरायची आणि मोरीत थुंकून यायची. तुमचं म्हणणं, तिला सांगूनच द्यायची. डॉक्टरीणबाईंनी तसंच सांगितलं होतं, की चोरून देऊ नका, कळलं तर विश्वास जाईल. तुम्ही तळहातावर गोळी घेऊन तिच्यासमोर बसायचात. घंटाभर जायचा. बाहेर बाया डबे घेऊन ओरडायच्या. चार दिवसांत एखादेवेळी ती घ्यायची, आणि तुम्ही असे बाहेर यायचात जसं काही जिंकून आलात.

"असं किती दिवस चालीन?" मी म्हटलं.

"चालू दे. ते का कुठी पळून चालली?"

"बिमारी तं वाढून राह्यली ना."

"वाढली तं वाढली. पण तिले फसवू नको."

मी गप्प बसले. तुम्हाला वाटलं, पटलं. मला पटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, गोळी आजपासून मी देत जाईन. मंजू आंघोळीला गेली की मी खलबत्त्यात गोळी कुटायची आणि तिच्या वाटीतल्या कढीत कालवायची. चार-सहा दिवसांनी तुम्ही विचारलं, "घेते काय वं?" मी म्हटलं, "घेते." तुम्ही म्हणालात, "तुह्या हाताले यश हाय." ते ऐकून मला इतकं बरं वाटलं की खोटं बोलल्याचं काही वाटलंच नाही.

रोज कढी. "काय वं, गावातल्या साऱ्या म्हशी आपल्याच घरी व्याल्या काय?" असं तुम्ही म्हणायचात, आणि मंजूसुद्धा एकदा हसली. तिला झोप लागायला लागली. केस विंचरायला लागली. माझ्यापाशी बसून लसूण सोलायला लागली. मी मनातून फुगले होते. तुमच्या तळहातावरच्या गोळीपेक्षा माझा खलबत्ता बरा, असं मला वाटत होतं. हे तुम्हाला मी कधी बोलले नाही.

त्या दिवशी नळाला पाणी उशिरा आलं आणि माझी घाई झाली. गोळी नीट कुटली गेली नाही. मंजू जेवता जेवता थांबली. तोंडातून काहीतरी काढून तिनं तळहातावर ठेवलं. अर्धवट फुटलेली गोळी, मधली रेघ अजून दिसत होती. तिनं ती ओळखली. "माय, हे काय हाय?" मी हातात पळी घेऊन उभी. "कोणं टाकलं?" माझी जीभ उचलेना. मला तेव्हा बोलता आलं असतं तर पुढची चार वर्षं वेगळी गेली असती. पण मी कोणासमोर कधी बोलले होते?

तुम्ही जेवायला आत येत होतात. भुवयांवर पीठ, पापण्यांवर पीठ. तुम्ही तिचा तळहात पाहिला, मग माझ्याकडे पाहिलंत. किती वेळ पाहिलं असेल? मडक्यातून पेलाभर पाणी घ्यायला लागतो तेवढासुद्धा नाही.

"म्या टाकली," तुम्ही म्हणालात.

"कढीत?"

"बेसनात. दळतानाच टाकत होतो. तुह्या मायले माहीत नाई."

ती तुमच्याकडे पाहतच राहिली. लहानपणी तुमच्या खांद्यावर बसून बैलबाजार पाहिलेली पोरगी. मग तिनं डब्यातलं सगळं पीठ अंगणात नेऊन ओतलं आणि तिथून चक्कीवर गेली. चार-पाच बाया उभ्या होत्या. त्यांना म्हणाली, "इथं दळू नका व माय. हा पिठात दवाई टाकते." दोघींनी आपापले डबे उचलले. एक हसली. तुम्ही मागून गेलात आणि बटन बंद केलं.

त्या संध्याकाळी मी म्हटलं, मी तिला सांगते. तुम्ही म्हणालात, "नको सांगू."

"तुमी तं नाईच म्हणत होते. तुमी काऊन घेता अंगावर?"

"आता झालं ते झालं. एकाच्या तरी हातचं खाऊ दे तिले. माह्या हातचं नाई खाल्लं तं चालते. तुह्या हातचं सोडलं तं मरन ते."

आजही मला कळत नाही, तुमचं बरोबर होतं की चूक. तुम्ही समोर असतात तर मी भांडले असते. आता मला भांडता येतं.

त्यानंतर आपल्या चक्कीचं पीठ मंजू खाईना. तेव्हा मी ज्वारीचा डबा डोक्यावर घेऊन शाळेमागच्या चक्कीवर जायला लागले. चक्कीवाल्याची बायको दुसऱ्याच्या चक्कीवर रांगेत. पहिल्या दिवशी तिथला चक्कीवाला म्हणाला, "काऊन वहिनी, घरची चक्की रुसली काय?" रांगेतली एक म्हणाली, "चक्की कायची रुसते, चक्कीवाला रुसला असन." सगळ्या हसल्या. मी पदर पुढे ओढला आणि डब्याच्या झाकणाकडे पाहत राहिले. घरी येऊन तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "त्याले सांग, दगडाले टाकी लावजो म्हणा जरा. पीठ हाय का रेती?" चार वर्षं आपण तिघांनी त्याच्या चक्कीची जाडीभरडी भाकर खाल्ली. पाच-सहा गावं ज्याच्या पिठाचं नाव काढायची, तो माणूस घरी दुसऱ्याचं पीठ खात होता. तुम्ही भाकर तोडायचात, चावायचात, आणि दातांत आलेली कणी बोटानं काढून ताटाच्या कडेला ठेवायचात. मला वाटायचं, ती कणी माझ्यासाठी ठेवली आहे. तुमच्या मनात तसं काही नव्हतं हे मला माहीत आहे.

मंजू स्वयंपाकघराचं दार लावून जेवायची, माझ्यासमोर. तुम्ही तुमचं ताट घेऊन ओसरीत जायचात, भिंतीला टेकून, दाराकडे पाठ करून. घरात तुम्ही हळू बोलायला लागलात. तुमचा आवाज आला की ती कानांवर हात ठेवायची म्हणून. ओरडून मीठ मागणारा माणूस मिठासाठी खूण करायला लागला. तो आवाज गेल्याचं मला अजून वाईट वाटतं. तुम्ही तर आत्ता गेलात. तो आधीच गेला होता.

गोळ्या बंद झाल्यावर चार-पाच महिन्यांनी ती निघून गेली तेही आठवतं. तिसऱ्या दिवशी कारंज्याच्या एका ढाब्यावरून फोन आला, की तुमची पोरगी इथे बसली आहे, केळ्यांशिवाय काही खात नाही. आपण दोघं गेलो. तुम्ही रस्त्याच्या पलीकडेच थांबलात, ट्रकांच्या मागे, की तुम्हाला पाहून ती पुन्हा उठून जाऊ नये. मी तिला घेऊन बसमध्ये बसले तेव्हा तुम्ही मागच्या दारानं चढलात. जागा होती तरी उभे राहिलात. मी वळून पाहिलं तर तुम्ही मला हातानं पुढे बघ अशी खूण केलीत.

त्यानंतर ती दवाखान्यात भरती होती. तिथे डॉक्टरीणबाईंनी तिला स्वतःला विचारलं, गोळीऐवजी महिन्याला एक इंजेक्शन चालेल का. तिनं हो म्हटलं. कारण विचारलं तर म्हणाली, "सुई दिसते." बाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. मी खाली पाहत होते. तुम्हीही.

सुईनं गुण आला. नाव घेणारे आवाज कमी झाले, मग दूर गेले. ती अंगण झाडायला लागली, शेजारच्या पोरीला पाढे शिकवायला लागली. फक्त तुमच्याबद्दलचं काही हललं नाही. गावातली माणसं म्हणायची, बापानं दवाई टाकली म्हणते, अजून डोक्यात खूळ आहे. ताईही तेच म्हणायच्या. डॉक्टरीणबाईंनाही वाटायचं, तो आजाराचाच भाग राहून गेला असेल. ते खूळ नव्हतं. तिच्या साऱ्या बोलण्यातलं तेवढंच डोळ्यांनी पाहिलेलं, जिभेनं चाखलेलं होतं. फक्त माणूस दुसरा होता. आणि आपण दोघं, ज्यांना हे माहीत होतं, तिला वेडी ठरू देत होतो.

ती बरी झाल्यावर तरी मी सांगायला हवं होतं. मी दोनदा विषय काढला, तुम्ही दोन्ही वेळा म्हणालात, "चाललं ते चालू दे." मी तेवढ्यावर सोडून दिलं. खरं सांगू? मला ते गोड लागत होतं. माझ्याच हातचं खाते, माझ्याजवळच बसते, "माय, माय" करते. लहानपणापासून ती तुमची होती. मी या घरात शिजवणारी होते. तुमच्या एका खोट्यानं ती माझी झाली. मी ते सोडायला तयार नव्हते. हे लिहिताना माझा हात थांबला होता. पण तुमच्यापासून आता काय लपवायचं?

तुम्ही गेलात तेव्हा मला कोणी बोलवायला आलं नाही. मी भाजी चिरत होते आणि चक्कीचा आवाज बदलला. दाणा संपला की दगडावर दगड वाजतो, तो आवाज मी ओळखते. तुम्ही लगेच बटन बंद करायचात. त्या दुपारी ती रिकामी वाजतच राहिली. मी धावत गेले तर तुम्ही पोत्याला टेकून बसला होतात, छातीवर हात, आणि मला खुणेनं सांगत होतात की आधी चक्की बंद कर. मी बंद केली. मग लोक जमले, गाडी आली. वर्ध्यापर्यंत तुम्ही पुरला नाहीत.

मंजू आतच राहिली. तुम्हाला नेताना सगळे म्हणाले, पोरीला बोलवा, तोंडात पाणी घालू द्या. तिनं कडी उघडली नाही. ताई ओसरीत मोठ्यानं म्हणाल्या, "बापानं जिंदगी घातली तिच्यासाठी, अन् तिच्या हातचं पाणीबी नाई भेटलं त्याले." पाच-पन्नास माणसं ऐकत होती. मी तिथेच होते. मला माहीत होतं पाणी कोणामुळे मिळालं नाही. मी डोक्यावरचा पदर आणखी पुढे घेतला.

तेरवी झाली, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी मंजू जेवायला बसली आणि मी सवयीनं स्वयंपाकघराचं दार लावायला गेले. ती म्हणाली, "राहू दे उघडं, माय. आता भेव नाई."

इतक्या साध्या आवाजात म्हणाली. आणि सगळी भाकर जेवली.

मी तिथेच ठरवलं. ठरवलं आणि घाबरले. घरात आता दुसरा हात नव्हता. तुम्ही म्हणाला होतात ना, एकाच्या तरी हातचं खाऊ दे. तो एक हात मी आपणहून काढून घेतला तर ती काय खाईल? पुन्हा रस्त्याला लागली तर आणायला कोण जाईल? मी एकटी? मला बसची पाटी वाचता येते, पण कंडक्टरला विचारता येत नाही.

सुईची तारीख आली. पहिल्यांदा मी एकटीनं तिला नेलं. खिडकीवर कागद भरायचा होता, तो मंजूनंच भरला. वडिलांच्या नावापाशी ती थांबली, मग लिहिलं. सुई देऊन झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला बोलावलं. म्हणाल्या, आज काका नाहीत, तुम्हालाच बोलावं लागेल. मी म्हटलं, "बाई, तिच्या बाबानं काही टाकलं नव्हतं. मी टाकलं होतं." मग मला थांबता येईना. सगळं सांगितलं, खलबत्त्यासकट. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी विचारलं, तिला सांगितलं तर ती खाणं सोडेल का. त्या म्हणाल्या, "सोडू शकते. मला सांगता येणार नाही. पण ती आता बरी आहे. सोडलं तर इथे घेऊन या." मग म्हणाल्या, "चार वर्षं मी हे आजारात धरत होते." त्यांनी कागद उलटून मागे काहीतरी खोडलं.

बसमध्ये ती खिडकीशी, मी बाजूला. आंजीची बस, आपली नेहमीची. गाव यायला थोडं राहिलं तेव्हा मी सांगितलं. माझ्या तोंडून असं निघालं, "मंजू, ते कढीतली गोळी म्या टाकली होती. बाबानं नाई."

ती खिडकीबाहेरच पाहत होती. तशीच म्हणाली, "बेसनात?"

"नाई. वाटीत. खलबत्त्यात कुटून."

"मी आंघोळीले गेली का?"

"हो."

"किती दिवस?"

"सतरा."

"बाबाले माहीत होतं?"

"नाई. तुह्या हातावर पाह्यली तवाच कळलं त्याईले."

"मंग ते काऊन बोलले?"

"तू माह्या हातचं खाऊन राहावं म्हणून."

तिनं माझ्याकडे पाहिलं. राग असता तर मला चाललं असतं. ती मला ओळखू पाहत होती, नवीन माणसाला पाहतात तशी. मग उठली आणि पुढच्या रिकाम्या सीटवर जाऊन बसली.

घरी येऊन तिनं माझ्या हातचं खाल्लं नाही. पहिल्या दिवशी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी दुकानातून केळी आणि टरफलातल्या भुईमुगाच्या शेंगा आणल्या. पाणी स्वतः नळाचं भरून घेतलं. मी मागे लागले नाही. तुमच्यासारखी ओसरीत बसून राहिले, तिला दिसेन अशी. जेवायच्या आधी तुमच्या नावाचा घास मी रोज बाहेर पत्र्यावर ठेवत होते, तोही शाळेमागच्या चक्कीच्या पिठाचा. मनात म्हणायची, आजही कणीच आहे हो.

चौथ्या दिवशी सकाळी तिनं ज्वारीचा डबा उचलला. मला वाटलं, शाळेमागे चालली. ती आपल्या चक्कीच्या दारापाशी थांबली आणि मला म्हणाली, "किल्ली."

आत सगळं तुम्ही ठेवलं तसंच होतं. छन्नी-हातोडी कोनाड्यात. जायच्या दोन दिवस आधी तुम्ही दगडांना टाकी लावली होती, दुपारभर टकटक चालली होती, मला आठवलं. मी चक्की कधी चालवली नव्हती, पण इतकी वर्षं पाहून कोणाला येणार नाही? मी बटन दाबलं. पट्टा फिरला. मी डब्याला हात लावायला गेले तर ती म्हणाली, "मी टाकतो." ज्वारी तिनंच ओतली. खाली हात धरून उभी राहिली. पीठ तिच्या हातावर पडलं, मनगटापर्यंत पांढरं झालं. दोन बोटांत चोळून पाहिलं. वास घेतला. थोडं जिभेवर ठेवलं.

चक्कीचा आवाज ऐकून दोघी-तिघी दारात आल्या. एकीनं विचारलं, "चालू झाली काय वं चक्की? उद्या आणू काय दळण?" मी मंजूकडे पाहिलं. मंजूनं माझ्याकडे पाहिलं नाही, पण त्या बाईला म्हणाली, "आणजो. पीठ बारीक हाय इथलं."

मग घरी येऊन तिनं चूल पेटवली. मला आत येऊ दिलं नाही. भाकऱ्या थापल्याचा आवाज मी बाहेरून ऐकत होते. पहिली भाकर झाली तशी ती बाहेर आली, मोडून एक घास पत्र्यावर ठेवला आणि उभी राहिली. काही म्हणाली का, मला ऐकू आलं नाही. तिच्या भुवयांवर पीठ होतं. तिला ते माहीत नव्हतं.

तिनं मलाही ताट दिलं. हातात नाही, उंबऱ्यावर ठेवलं. भाकर काठाला जाड, मध्ये थोडी करपलेली. वाटीत काय आहे ते मी पाहिलं नाही, ढवळलं नाही. तिच्यासमोर पहिला घास तोडला आणि खाल्ला. ती मी गिळेपर्यंत पाहत होती. मग आत गेली आणि दार लावून घेतलं.

तेव्हापासून असंच आहे. ती शिजवते. ती आत जेवते, मी ओसरीत तुमच्याच जागी, भिंतीला टेकून, दाराकडे पाठ करून. ती माझ्याशी कामापुरतं बोलते. ताईंना मी फोन केला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना उलट बोलले, की गोळी मी टाकली होती, पोरीला बोल लावू नका. महिन्याच्या दिवशी येतो म्हणाल्या. चक्की मी सकाळचे दोन-तीन तास चालवते. बाया डबे ठेवतात आणि मला मोठ्यानं बोलावं लागतं, नाहीतर कोणाला ऐकू जात नाही.

मला वाटायचं, ओसरीत जेवणं ही तुमची शिक्षा होती, आणि ती माझ्या नावची होती. परवा भाकर चावता चावता थांबले तर भिंतीपलीकडून आवाज आला. ताटाला लागलेलं बोट. पाण्याचा घोट. मग खोकला, मग पाट सरकवल्याचा. ती भिंतीच्या अगदी पलीकडे बसते. ओसरीत, अंगणात इतर ठिकाणी बसून मी पाहिलं, तिथून काही ऐकू येत नाही.

चार वर्षं तुम्ही रोज तिच्याजवळ जेवत होतात. मला कधी सांगितलं नाहीत.